दादाच्या आवाजाला रफू

“हं म्हण, ऋतू. हं म्हटलं नाहीस तर गोष्ट थांबेल बघ.”

आईचा फोन कानाला लावून उंबऱ्यावर बसलेल्या दहा वर्षांच्या ऋतुजाने त्या तिन्हीसांजेला हा आवाज ऐकला, त्याला आता साठ वर्षं झाली. तिचा बावीस वर्षांचा दादा, कैलास, चाकणच्या कारखान्यात होता. पाळी संपली की तो परभणीला फोन लावायचा आणि धाकट्या बहिणीला गोष्ट सांगायचा. त्यांच्या घरची रीत अशी, की सांगणाऱ्याची गोष्ट ऐकणाऱ्याच्या हुंकारावर चालते. हुंकार थांबला की गोष्ट थांबते. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणून तर दादाला तो जास्तच लागायचा.

त्या संध्याकाळची गोष्ट नदीची होती. आईने ती फोनमध्ये साठवून घेतली म्हणून राहिली. त्याच रात्री घरी निघालेला दादा वाटेतल्या अपघातात गेला.

आता ऋतुजाआजी लातूरच्या दुरुस्ती केंद्रात डॉ. इरा मुंडलिक यांच्यासमोर बसल्या होत्या. मांडीवर सुती पिशवी, पिशवीत त्यांचा चिरफोन, आईच्या फोनमधून त्यात घेतलेल्या त्या गोष्टीसकट.

चिरफोन म्हणजे काय हे एव्हाना लहान मुलालाही ठाऊक होतं. फोनला लागणारे दुर्मिळ धातू जमिनीतून जवळजवळ संपले होते. नवे फोन फारसे घडत नव्हते. अठराव्या वर्षी हाती आलेला फोन जन्मभर पुरवायचा, हा नियम झाला होता. म्हणून शास्त्रज्ञांनी फोनला बरं व्हायला शिकवलं. काचेवर एक पातळ थर असे. फोन पडून तडा गेला की दूध निवताना साय धरते तसा तो थर तड्यावर धरायचा. लोक त्याला सायच म्हणत.

तडे असे भरून येत. आतली आठवण जपणं अवघड होतं. फोन आपली साठवण विजेच्या अतिसूक्ष्म थेंबांत ठेवतो आणि दर वेळी ती वाचताना एखादा थेंब कुठेतरी निसटतो. एकदोनदा कळत नाही. वर्षानुवर्षं तेच तेच ऐकत राहिलं तर साठवण झिजते, पायाखालच्या दगडी पायरीसारखी. इरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय काढला त्याला नाव दिलं रफू. रफू करणारा त्याच कापडाच्या काठातून धागा काढतो आणि भोक विणून टाकतो. फोनही तेच करायचा. झिजलेल्या जागी काय असेल ते आजूबाजूच्या आवाजावरून ओळखायचा आणि भरायचा.

“फोन तर तुम्ही फार जपलाय, आजी,” इरा म्हणाल्या. बॅटरी सुदृढ होती, काचेवर सायीचा एकही वळ नव्हता.

आजींनी सांगितलं की त्या फोन कधी उन्हात ठेवत नाहीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो माठाजवळच्या गार कोनाड्यात असतो, पण ओल लागणार नाही इतका दूर. चार्जिंग पूर्ण भरेस्तोवर लावत नाहीत आणि कधीही उतरू देत नाहीत. सून थट्टा करते, आम्हाला एवढं जपलं असतं तर आम्हीही शंभर वर्षं टिकलो असतो. हे सांगताना आजी हसल्या, पण हसू लगेच विझलं.

“मग तक्रार काय आहे?”

आजींनी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. “दादा दमलाय,” त्या म्हणाल्या.

इरांना कळलं नाही. तेव्हा आजींनी फोन टेबलावर ठेवला आणि गोष्ट लावली.

नदी माहेरी निघाली होती. डोंगराकडे तोंड करून, उलट्या वाटेने. वाटेत बाभळ भेटली, बाभळीने पदर धरला. टिटवी भेटली, टिटवीने वाट विचारली. आवाज पुरुषाचा होता, परभणीकडच्या हेलाचा, गोड. पण त्याला धाप लागत होती. वाक्याच्या शेवटी तो किंचित कापत होता. बावीस वर्षांचा मुलगा असा बोलत नाही.

आणि मधल्या प्रत्येक विरामात ऋतुजाआजी म्हणत होत्या, “हं.” त्यांना ते कळतही नव्हतं. आवाजाबरोबर त्यांचे ओठ हलत होते, पाठ झालेले शब्द त्याच्याही किंचित आधी पुटपुटत होते.

इरांनी यंत्राचा पडदा स्वतःकडे वळवला. त्यांना जे दिसलं ते पाहण्यात हातातला चहा निवून गेला.

वाजवताना, आणि नंतरही थोडा वेळ, फोन ऐकतही असतो. खोलीत गडबड असेल तर आवाज वाढवायला त्याला कान लागतो. रफूची चाचणी झाली तेव्हा ऐकणारे सगळे गप्प बसून ऐकणारे होते, बंद खोलीत, कानाला यंत्रं लावून. गोष्टीला हुंकार देणारं माणूस त्यात कोणी नव्हतं. इरांची स्वतःची आजी हुंकाराशिवाय एक वाक्य पुढे जायची नाही, तरी त्यांनाही ते सुचलं नव्हतं. दादाच्या आवाजाबरोबर दर वेळी तोच दुसरा आवाज ऐकू येतो, म्हणजे तो याच कापडाचा काठ, असं फोनने धरलं होतं. झिजलेल्या जागी तो त्याच काठातून धागे काढत राहिला. आजींचा स्वर जाड केला, खाली आणला, दादाच्या जागी विणला. आजी तरुण होत्या तोवर दादाही तरुण राहिला. आता आजींना जिना चढताना धाप लागत होती.

हे सांगावं की नाही? पडद्यावरचा आकडा दाखवला नसता तर आजींना कधी कळलं नसतं. आवाज थोडा उजळून द्यायचा, चार दिवस त्या खूश राहतील. इरा बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. सोप्या शब्दांत, रफूच्या दाखल्याने, काहीही न लपवता.

“म्हणजे दादा किती उरलाय?” आजींनी विचारलं.

“शंभरात चार.”

खिडकीबाहेर पाणपोईवर कोणीतरी पेला आपटला. आजी फोनकडे पाहत राहिल्या, जसं झोपलेल्या माणसाकडे पाहतात.

इरा पुढे बोलत गेल्या, कारण थांबणं जड जात होतं. उसवण करता येईल, त्या म्हणाल्या. बाहेरचे सगळे धागे काढून टाकायचे. उरेल ते तुटक असेल, एखादं ‘नदी’, एखादं ‘ऋतू’, बाकी खरखर. पण ते त्याचंच असेल. आम्ही पुढे ते झिजूही देणार नाही. चूक आमची आहे, आजी, ती आम्हाला सुधारू द्या.

गोष्ट अजून चालूच होती. डोंगर नदीला म्हणाला, बाई गं, पाणी कधी चढण चढतं का? मग नदी म्हणाली, नाही चढत, तर मी इथंच बसते. माझा मुराळी मला न्यायला येईल. सासरच्या लेकीला माहेरी न्यायला भाऊच येतो, हे डोंगराला काय ठाऊक? आणि नदी बसली. वाट बघत बसली, बसली, आणि तिचं तळं झालं.

“सुंदर शेवट आहे,” इरा हळूच म्हणाल्या. “केवढासा होता तो. बाविसाव्या वर्षी असं सुचायचं.”

आजींनी फोन उचलला. पदराने काच पुसली, काहीही लागलेलं नसताना. आणि इतकी वर्षं जे सुनेला, लेकाला, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते थकलेल्या, सपाट आवाजात बोलू लागल्या.

“डोंगराने विचारलं, तिथंच दादाच्या फोनचं चार्जिंग संपलं होतं, मॅडम.”

“हं,” इरा म्हणाल्या. आपण काय म्हटलं ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. आजींच्या हातातल्या फोनवर ऐकत असल्याचा हिरवा ठिपका तेवढा लागला.

“‘मग नदी म्हणाली’, एवढंच बोलला तो. पुढचं नाहीच. आवाज बंद झाला की पुढचं मी माझ्या मनाचं मोठ्याने सांगायचे, दर वेळी, एकटीच. आणि एक दिवस तो बंदच झाला नाही. पुढचं तोच सांगायला लागला, माझ्याच शब्दांत. तेव्हापासून मला ठाऊक आहे, हा दादा नाही. कोणाला बोलले नाही. म्हटलं, कळलं तर तुम्ही दुरुस्त कराल.”