माणूस जवळ असलेली आग

गेल्या सहा वर्षांत वाघदरीच्या पठारावर अंगणाएवढी जागासुद्धा जळली नव्हती. झाडांच्या बुंध्यांना बांधलेल्या डब्या धूर हुंगायच्या, चौकीच्या छपरावरून घारी उडायच्या, आणि वनरक्षक कुंदा मोहितेनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडेपर्यंत आगीचा निकाल लागलेला असायचा. घारी हे लोकांनी ठेवलेलं नाव. खरं तर ती बिनमाणसांची उडती यंत्रं. पोटात चाळीस लिटर चिकट पाणी आणि त्यांना हुकूम सोडणारी 'वनदक्ष' नावाची यंत्रणा. कुंदाला दरवर्षी एक प्रशस्तिपत्र मिळायचं. ती ते कपाटात टाकायची.

बाबूतात्या येडगे मात्र घारींवर कधीच खूष नव्हता. तीस हंगाम वणवे विझवलेला मजूर तो. "ताई, डोंगुर दरसाल थोडा जळायचा म्हनून गवात गुडघ्याखाली ऱ्हायचं," तो म्हणायचा. "आता छातीला लागाय लागलंय. सा वर्सांचं सरपान रचून ठिवलंय आपुन."

पूर्वी थंडीत सगळे मिळून जाळरेषा काढायचे. गवताचा लांब पट्टा आपणच जाळून मोकळा करायचा, म्हणजे उन्हाळ्यातला वणवा तिथवर येऊन उपाशी मरतो. घारी आल्या आणि ते काम कागदावर उरलं. 'जाळरेषा काढली' म्हणणाऱ्या त्या कागदाखाली सही कुंदाची असायची, ही गोष्ट तिनं कुणाजवळ काढली नव्हती.

मार्चमधल्या त्या दुपारी वारा असा सुटला की घारींना छप्पर सोडता येईना. पश्चिमेला लागलेली आग अर्ध्या तासात पठारभर पसरली. पूर्वेच्या टोकाला झोरेवस्ती होती. बाप्ये मेंढरं घेऊन लांब गेलेले. घरांत म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या. मागे कडा, आणि बाहेर पडायचा एकुलता एक रस्ता धुरात बुडालेला.

"फांद्यांनी झोडपून उपेग न्हाई," तात्या म्हणाला. "उलटा जाळ लावायचा."

म्हणजे वस्तीच्या अलीकडे आपणच आग लावायची, तिला वस्तीकडे फिरकू द्यायचं नाही आणि मोठ्या आगीच्या अंगावर घालायची. दोन्ही आगी भेटेपर्यंत मधलं गवत संपतं. कुंदाची नऊ माणसं पेटते पलिते घेऊन ओळीनं पसरली. जाळ धरला. घळीकडचं टोक कच्चं होतं, तिकडं तात्या एकटाच गेला.

तेवढ्यात वारा जरा पडला. सगळ्यांना हायसं वाटलं आणि तिथंच घात झाला. घारी उडाल्या, डोक्यावर आल्या आणि यांनीच लावलेला जाळ भसाभस विझवू लागल्या. वनदक्षचं गणित साधं होतं: जी आग विझण्यासारखी आहे ती आधी विझवायची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

कुंदानं जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. "साहेब, यंत्रणा बंद करा. ती आमचीच आग विझवतेय!"

"बंद कशी करू? चार तालुके पेटलेत, सगळे तिच्याच भरवशावर आहेत."

"आणि वस्ती जळाली म्हणजे?"

"बाई, नियम बघा ना. दहा पावलांत माणूस असेल तर ती तुम्हाला विचारल्याशिवाय पाणी टाकत नाही." त्याला खरं तर फोन ठेवायचा होता. चाळीस लिटरचा मार डोक्यात बसला तर मान मोडेल, म्हणून कुणीतरी घातलेला नियम होता तो.

कुंदानं फोन खिशात टाकला आणि ती जीव खाऊन ओरडली, "जाळाजवळ उभे राहा! कुणी हलायचं नाही!"

माणसं उभी राहिली. पुरेनात, तेव्हा वस्तीतल्या बायका ओल्या वाकळा पांघरून आल्या आणि मधल्या जागी उभ्या राहिल्या. गौराबाई झोरे कुंदाच्या शेजारी येऊन थांबली. जन्मभर जिला झोडपलं त्या आगीची राखण चालली होती. कुणाच्या भुवया करपल्या, कुणाला खोकल्यानं उभं राहवेना. कुंदाच्या हातात वनदक्षचा छोटा पडदा होता, त्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उमटत होता: 'माणूस जवळ आहे. विझवू?' ती 'नको' दाबत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धूर तर होताच, पण शरम जास्त होती. ही सगळी माणसं तिच्या सहीपायी भाजत होती.

समोर दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या आणि बसल्या. गौराबाईनं हात जोडले.

तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. 'उत्तरेची घळ. माणूस जवळ आहे: एक. विझवू?'

घारीनं वरून पाठवलेल्या चित्रात धूर, धुराच्या दोन्ही बाजूंना जाळ आणि मध्ये एक पांढरा ठिपका.

"तात्या! तात्या, बोला!" तिनं वॉकीटॉकी तोंडाशी धरला. खरखर आली. जाळ लावताना तात्या आपला संच दगडाखाली ठेवून जायचा. मागे एकदा वितळला होता म्हणून. त्यासाठी तिनं त्याला कितीदा तरी झापलं होतं. आता त्याच्या गप्प राहण्यावरून काहीच कळेना.

तो जाळ राखत उभा असेल, तर तिथं पडलेलं पाणी घळीची वाट उघडणार आणि वणवा वस्तीत शिरणार. तो अडकला असेल, तर तेच पाणी त्याला वाचवणार. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद उतरत होते. उत्तर आलं नाही तर वनदक्ष ते 'नको' धरत असे.

"ताई, काय इचारतंय ते?" गौराबाईनं विचारलं. तिच्या काखेतलं पोर वाकळेतून डोकावत होतं.

कुंदाला तिच्याकडे बघवलं नाही. ठिपका किंचित हलला, की वरचा धूर हलला? सोळा सेकंद उरले होते. तीस हंगाम आगीशी झुंजलेला तो माणूस आत्ता तिच्या मदतीची वाट बघत होता, की तिनं मध्ये पडू नये म्हणून देवाला विनवत होता?