ओर्लाबाईंचे कच्चे खर्डे

"जरा दम धरा बाई, भिजू नका," ऊर्मिला कोटाच्या आत धरलेल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याला समजावत होती. स्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेन स्टेशनच्या फलाटावर छपराखाली उभं राहायला जागा नव्हती. तेवढ्यात शेजारच्या उंच तरुणानं आपली छत्री तिच्यावर धरली.

"बाई कोण?" त्यानं विचारलं... चक्क मराठीत.

ती दचकली, मग हसली. "आयरिश आहेत. लेखिका. वारल्या."

"मग भिजल्या तरी चालेल की."

"त्यांना चालेल. मला नाही."

त्याचं नाव देवदत्त. मूळचा सांगलीचा, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर इंजिनिअर. एस-बानची लोकल येईपर्यंत त्याला बरंच कळलं. ऊर्मिला पुण्याहून पीएचडीसाठी आली होती. ओर्ला किनेन या लेखिकेची शेवटची वर्षं स्टुटगार्टमध्ये गेली आणि तिचे कागद इथल्याच एका अर्काइव्हमध्ये राहिले. त्यातले निबंधांचे आणि लेखांचे कच्चे खर्डे कुणी धड वाचलेच नव्हते, कारण बाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ.

मग शनिवार ठरून गेले. ऊर्मिलाच्या खोलीखालच्या बेकरीत देवदत्त भिंग घेऊन वाचायचा, ती टाइप करायची. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"हा शब्द 'लव्ह' आहे," एकदा तो म्हणाला.

तिनं वाकून पाहिलं. केसांची बट त्याच्या मनगटावर आली, ती तिनं सावकाश मागे घेतली. "'लीव्ह' आहे."

"मला तर लव्हच दिसतंय."

"तुला हल्ली सगळीकडेच दिसतंय," ती कीबोर्डकडे बघत म्हणाली. कान मात्र लाल झाले होते.

एका लेखावर तिचा विशेष जीव होता. ओर्लाची आई बंदरावर मासळी साफ करायची. छापलेल्या लेखात ती नुसती हसरी आई होती. खर्ड्यात तिच्या हातांना वास होता, आणि शाळेच्या दारात उभ्या मुलीला त्या हातांची लाज वाटत होती. संपादकांच्या सांगण्यावरून बाईंनी ते सगळं खोडलं होतं. ऊर्मिलाला त्या खोडलेल्या ओळींवर एक पूर्ण प्रकरण लिहायचं होतं.

पानगळ सुरू झाली आणि तिच्या प्रोफेसरबाईंनी सांगितलं, हे लेख किरकोळ आहेत, वगळा. कादंबऱ्यांवर लिहून लवकर संपवा. त्याच आठवड्यात देवदत्तला कंपनीनं पुण्यात नोकरी देऊ केली.

"ऐक ना त्यांचं," तो म्हणाला. "लवकर सुटशील. बरोबरच जाऊ – आपण."

त्या 'आपण'मध्ये त्यानं केवढं काही ठेवलं होतं. ते तिला कळलंही. पण ती शांतपणे कागद गोळा करू लागली.

"इतके शनिवार तू हे वाचलंस, देवदत्त... की नुसते शब्द सांगत होतास?"

त्यानं भिंग तिच्या कागदांवर ठेवलं आणि तो निघून गेला.

पुढचे शनिवार ती एकटीच बसली. भिंग एका हातात, दुसऱ्या हातानं टाइप करत तिनं प्रकरण पूर्ण केलं. छापील लेख आणि खर्डा शेजारी शेजारी मांडून प्रोफेसरबाईंच्या टेबलावर ठेवला आणि त्यांचं वाचून होईपर्यंत उठली नाही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "हे राहू द्या."

त्या संध्याकाळी ती देवदत्तच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"प्रकरण ठेवायचं ठरलं. मला इथं अजून वर्ष तरी लागेल. तू जा. मी काम पुरं करून येईन. तोवर थांबशील का, एवढंच विचारायला आले."

"मी दर शनिवारी बेकरीच्या काचेपर्यंत येत होतो," तो म्हणाला. "आत यायचा धीर होत नव्हता..."

"हे उत्तर नाही."

"थांबेन. पानं पाठवत राहा, फोनवर वाचून दाखवीन."

त्यानं वाचूनही दाखवलं. तिच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी तो रजा काढून पुण्याहून आला आणि मागच्या रांगेत बसला. निकालानंतर प्रोफेसरबाईंनी ऊर्मिलाचा हात हातात घेतला आणि हे कोण, म्हणून विचारलं.

"माझा होणारा नवरा," ऊर्मिलानं जर्मनमध्ये सांगितलं.

"मला कधी विचारलंस?" देवदत्त मराठीत पुटपुटला.

"आता विचारतेय," ती म्हणाली. "हो म्हण. त्या बघतायत."