पडद्यातून आलेला हात

बस रे भगवान, टेक जरा. तुझा पंढरीमामा खाडीच्या बांधावर फिरायला गेलाय. तोवर त्याच्याच घरची एक गोष्ट सांगतो... डोळे पुसशील बघ!

तेव्हा तुर्भ्यात कारखान्यांचे भोंगे वाजायला लागले होते, पन घरातली रीत जुनीच. भासऱ्याची, म्हनजे थोरल्या दिराची, सावलीसुद्धा भावजयीवर पडू द्यायची नाय! आनि झालं काय, मिठागरात उभा जन्म काढलेला पंढरी एक दिवस ओटीवर गरगरून पडला. डॉक्टर म्हनाला, प्रेशर लई चढलंय, एकशे नव्वद. गोळी घ्या, मीठ तोडा, विडी सोडा, रोज चाला, आनि घरच्या घरी प्रेशर बघत जा.

बघनार कोन? त्याची बायको गोजरा, तिला आकडा कळत नाय. धाकट्या भावाची, नामाची बायको नंदिनी लग्नाआधी दवाखान्यात कामाला होती, तिला ते मशीन येत होतं. पन भासऱ्याचा हात धरायचा कसा? शेवटी गोजरानं दारात जुनं लुगडं बांधलं. पलीकडं पंढरी बसायचा, लुगड्याच्या फटीतून हात सारायचा. अलीकडं नंदिनी पट्टा गुंडाळायची, फुगा दाबायची, कानाला नळी लावून श्वास रोखून ऐकायची... एक शब्द नाय की नजर नाय!

रांधायचं पन तिच्याच हातात. सुकट बंद, लोनचं बंद, कालवन अळनी. पंढरी ताट सरकवून गोजराला ऐकवायचा, "मुलखाला मीठ पुरवलं मी, आनि माझ्या ताटात ही चिमूट टाकत नाय! तुमी मागं चापत असाल सगळी."

शेजारनी म्हनायच्या, "मोठ्याला उपाशी मारते गो ही." नंदिनी निमूट सोसायची. बाप गेल्यावर नामाला ह्याच भावानं वाढवलेला... त्या माऊलीच्या काळजात रात्रंदिवस एकच धास्ती, हा आधार कोसळला तर!

एक दिवस सकाळी आकडा आला, एकशे वीस! नंदिनीचे डोळे भरून आले...

"जाऊबाई, उतरलं वो!"

पलीकडनं पंढरी गरजला, "मग आज सुकट कर म्हनावं तिला!"

हसत हसत ती पट्टा सोडायला लागली, आनि थबकली. आनंदानं पुसलेले डोळे तिनं परत पुसले. पट्ट्याला आज एक वेढा जास्त होता. भावजींचा दंड तर भरलेला... मग हा काटकुळा हात कोनाचा?

तिनं लुगडं खस्सकन ओढलं!

खुर्चीत शेजारचा गोटीराम, अंग चोरून, हात तसाच पुढं. कोपऱ्यात पंढरी, विडी विझवतोय.

"अगो पदर घे, आत जा!" गोजरा घाबरली. नंदिनी हलली नाय. जन्मात पहिल्यांदा ती भासऱ्याशी बोलली.

"भावजी, मला वाईट म्हना, घरातनं काढा... पन हात तुमचाच द्या! ह्याच हातानं तुमी माझ्या नवऱ्याला घास भरवलाय. रोज नळीतून मी तुमचा जीव ऐकते. तो खोटा नका ऐकवू मला!"

"अळनी खाऊन मानूस जगतो व्हय? तू खाऊन बघ!"

"खातेच ती!" गोजरा ओरडली. "जे तुमच्या ताटात, तेच तिच्या. आमचं वेगळं शिजतं. म्हनते, भावजींना एकट्याला कशाला शिक्षा..."

गोटीराम मधेच पुटपुटला, "माझा पट्टा सोडा गो कुनीतरी, मुंग्या आल्या."

पंढरी खुर्चीत येऊन बसला. बाही वर केली.

"लाव पोरी. जे असंल ते खरं सांग."

"आधी शांत बसा जरा. बोलू नका."

एकशे ऐंशी निघालं! पन कोनी घाबरलं नाय रे. खरा आकडा कळला, म्हनजे उतरवता येतो!

"लुगडं परत बांधू नको," पंढरी डोळे पुसत म्हनाला. "बापाला लेकीचा कसला पडदा!"

मग विडी गेली, बांधावरचं चालनं लागलं, गोळी कधी चुकली नाय. हळूहळू आकडा जाग्यावर आला, आनि नंदिनी आजपन रोज बघते. गोटीरामला तिनं सोबत चालायची शिक्षा दिलीय!

पन जीभ ती जीभच रे. म्हनून भगवान, एक ऐक. तुझ्या पिशवीतनं सुक्या बोंबलांचा वास येतोय. ती मामाच्या घरात नेऊ नको... आन, माझ्याकडं दे.