भुईआवळीचा वाफा

सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, त्यामुळे नवऱ्याला कावीळ झाल्याचं आधी तिलाच कळलं. नवरा मोटार शिकवायचा. डोळे पिवळेजर्द, पण तोंडाचा पट्टा चालूच. "पिवळ्या सिग्नलचं कामही करीन म्हणतो मी आता!" ती मात्र रिपोर्ट हातात घेऊन मनातून पार हादरली होती.

डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. शिवाय घरातच राहणाऱ्या नवऱ्याच्या आत्याने आपलंही घोडं पुढे दामटलं. मागच्या अंगणात तिचा भुईआवळीचा वाफा होता. वीतभर उंचीची झुडपं, पानांखाली मोहरीएवढी फळं. कावीळ झाली की अर्धी गल्ली तिच्याकडे धावायची. तिची रीत ठरलेली. काढ्यासाठी शेंडे तेवढे खुडायचे, मुळाला हात लावायचा नाही, आणि रोग्याने पहिल्या दिवशी चूळ भरून वाफ्यात टाकायची.

"ती कशाला?" सूनबाईने विचारलं.

"कुणासाठी राबायचंय ते झाडाला कळायला नको?"

सूनबाईने कपाळावर हात मारला. पण डॉक्टरांनी "गोळ्या न चुकवता काढा घ्या" म्हटल्यावर तिनेच काढा उकळायला ठेवला.

रिपोर्ट सुधारत गेले. डोळे निवळले, भूक लागली, आणि गडी स्वयंपाकघरात येऊन पातेल्यांची झाकणं उघडू लागला. सूनबाईला इतका आनंद झाला की लॅबमध्ये तिने सगळ्यांना चहा पाजला.

फक्त वाफ्याचं जरा विचित्रच चाललं होतं. संध्याकाळी खुडलेले शेंडे सकाळी पुन्हा जागच्या जागी. "खत भारी आहे हो तुमचं," ती आत्याला म्हणाली. मग झुडपं ऊन सोडून नवऱ्याच्या खोलीच्या खिडकीकडे कलली.

डॉक्टरांनी "ठणठणीत" म्हटल्यावर, आता काढा नको, तिथे मेथी पेरावी म्हणून रविवारी ती वाफा मोकळा करायला बसली. पहिलं झुडूप तिने मुळासकट ओढलं.

आतून नवरा खो खो हसला. "अगं, हळू! पोटात गुदगुल्या होतात!"

खिडकी बंद होती. पडदा ओढलेला होता.

तिने दुसरं ओढलं. पुन्हा हसू.

हात आखडला. शांतता.

एक मूळ नुसतं बोटाने हलवलं. आत तो खुदकन हसला.

ती धावत आत्याकडे गेली. आत्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी मटार सोलत होती. सगळं ऐकून तीही हसली. "लहानपणापासून गुदगुल्यांना भितो तो. चूळ एकदाच टाकली ना?"

"छे! रोज. गंमत म्हणून. महिनाभर."

आत्याचा हात शेंगेवरच थांबला. "रोज?"

"काय होतं त्याने?"

"कुणी केलंच नाही गं आजवर." आत्या वाफ्याकडे बघत राहिली. "आता उपटू नकोस. पाणी घाल. जप त्यांना."

"जपेन हो. जिवापाड जपेन. पण टिकतात किती वर्षं ही झाडं?"

"वर्षं कसली? एका हंगामाची वनस्पती ती. फळं धरली की वाळते."

सूनबाईने बादली भरून वाफ्यात ओतली. कडेच्या झुडपाची खालची फांदी कोरडी पडली होती. हात लागायच्या आधीच ती गळली.

आतून हसू आलं नाही. लांबलचक जांभई आली.

"अगं, जरा पडतो मी," नवरा मजेत म्हणाला. "आज का कोण जाणे, झोप फार येतेय."