शांत किल्ली

मिरजेच्या त्या रक्तपेढीत संगणक सुरू करायचा तर काचेच्या पट्टीवर तळहात ठेवून मन शांत ठेवावं लागे. डॉ. वत्सला मगदूम यांना नऊ वर्षांत ते कधी जड गेलं नव्हतं. आज सकाळपासून मात्र पट्टीवरचा दिवा अकरा वेळा लाल झाला होता.

संगणकात बॉम्बे रक्तगटाच्या एकशे बारा दात्यांची नावं होती. या गटाच्या रुग्णाला याच गटाचं रक्त चालतं आणि हा गट इतका दुर्मीळ, की दात्याचा पत्ता फुटला तर दलाल दारात उभे राहत. म्हणून संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली होती. किल्लीशिवाय तिच्यावरचं प्रत्येक अक्षर म्हणजे निव्वळ खिचडी. अशी डिस्क चोरून उपयोग नाही हे कळल्यावर चोर मालकाच्याच गळ्याला सुरी लावू लागले. त्यावरचा उपाय म्हणजे शांत किल्ली. ती कुठेही साठवलेली नसते. तळहातातल्या शिरांची नक्षी आणि नाडीची लय यांतून ती दर वेळी नव्यानं तयार होते. घाबरलेल्या नाडीतून भलतीच किल्ली निघते.

डिस्क दोघांच्याच हातानं उघडे: वत्सलाताईंच्या आणि त्यांचे थोरले भाऊ आदगोंडा ऊर्फ अण्णा यांच्या. अण्णांचा गट बॉम्बे, म्हणूनच तर दोघांनी ही पेढी काढली होती. सकाळी अंकलीच्या पुलावर अण्णांच्या गाडीला अपघात झाला. ते आता बेशुद्ध होते आणि रक्त थांबत नव्हतं.

"मी गोळी घेते," वत्सलाताई म्हणाल्या.

"औषधाची शांतताही ओळखते ती," कुलूप बसवणारा अभियंता मुजावर म्हणाला. "चोरानं काही पाजलं तर, म्हणून तुम्हीच मागितलं होतं, मॅडम."

"मग फोड ते! बसवताना मोठा मिरवत होतास."

"फुटलं असतं तर कुलूप कसलं?"

तो बाहेर जाऊन आला. दहा मिनिटांत शस्त्रक्रियागृहातून नर्सचा फोन आला. "ताई, पुण्याहून दोन पिशव्या पोचल्या. अण्णांना रक्त सुरू केलंय."

वत्सलाताई स्टुलावर बसून रडल्या. मग पाणी प्यायल्या.

"आता ठेवून बघा हात," मुजावर म्हणाला. "सावकाश."

दिवा हिरवा झाला. मुजावरनं लगेच जवळच्या दात्याचा नंबर काढून फोन लावला.

"आता कुणाला फोन करतोस?"

"जयसिंगपूरच्या दात्याला. पुण्याहून काही आलेलं नाही, मॅडम. नर्सला मीच तसं बोलायला सांगितलं."

दाता चाळीस मिनिटांत आला. अण्णा वाचले.

तीन महिन्यांनी ते काठी टेकत पेढीत आले, पट्टीवर हात ठेवला आणि डिस्क उघडली. ती बंद करून त्यांनी बहिणीला पुढे केलं. तिच्या हाताला दिवा लालच राहिला, गेले तीन महिने राहत होता तसा.

"अगं, बरा आहे मी. हा काय तुझ्यासमोर उभा आहे."

वत्सलाताईंनी आधी मुजावरकडे पाहिलं, मग भावाकडे.

"अण्णा, तुला हे बोलायला कुणी सांगितलं?"