सशांनी ओळखलेलं

टोचणी

सिल्वासाच्या त्या कारखान्यात कर्करोग तपासण्याचा माल सशांच्या अंगात तयार होई. रुग्णाच्या गाठीतून काढलेलं प्रथिन सशांना टोचायचं. मग सशाचं रक्त ती गाठ ओळखायला शिके. त्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, बाटल्यांत भरून मुंबईला जाई. १९९३ साली हे काम विजयाकडे होतं. ओळखणं म्हणजे काय असं कुणी विचारलं, की ती म्हणे, "चिकटणं. बाकी काही नाही."

कान

रक्त कानाच्या शिरेतून काढायचं. आधी कान चोळून ऊन करायचा. माणूस दिसला की ससे पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात दडत. एकेकाला ओढून काढावं लागे.

झुंबरला पाहून मात्र ते पुढे येत. ती धुळ्याकडची, चारा घालायला होती. जाळीला नाकं लावून तिच्या पोटाकडे बघत बसत.

"देखा ताई, माले भेटाले येतस! घरना माणूस कधी इतला येत नही."

"चाऱ्याला येतात गं."

"हात रिकामा शे मना."

रिकामाच होता.

ज्यांना अजून टोचलं नव्हतं, ते ससे कोपऱ्यातून हलले नव्हते. विजयाने तेही पाहिलं, आणि डबा उघडून जेवायला बसली.

पावसाळा सरता सरता झुंबर पोटातल्या गाठीने गेली.

तपासणी

विजयाचा नवरा रमाकांत डोकमर्डीला शाळामास्तर. संध्याकाळी तिला न्यायला स्कूटर घेऊन येई. दिवाळीनंतर एकदा तो थेट पिंजऱ्यांच्या खोलीत शिरला.

जाळ्यांवर नाकं आली.

"वा! वर्गात पोरं एवढी शांत बसत नाहीत."

"अहो, बाहेर थांबा."

"का? मी काय चावतोय त्यांना?"

"बाहेर थांबा म्हटलं ना!"

नमुना कमी पडतोय असं सांगून तिने दुसऱ्या दिवशी त्याचं रक्त घेतलं. गाठ असती तर सीरम घातल्यावर रंग आला असता. आला नाही. पुन्हा तपासलं. नाही. वलसाडच्या डॉक्टरांनी फोटो काढले, पोट दाबून पाहिलं. "बाई, साहेब माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. घरी न्या."

विजयाला एवढंच ऐकायचं होतं. तरी ती मुद्दाम पुन्हा त्याला खोलीच्या दाराशी घेऊन गेली.

नाकं आली.

निकाल

काम संपलं की सशाचं सगळं रक्त काढून घेतात. ससा उरत नाही. विजयाने ते काम आधीच उरकलं. कारखान्याच्या साहेबांना सांगितलं, सशांत रोग शिरलाय. टोचलेला एकही ठेवला नाही.

खोलीत आता ओळखणारं कुणी नव्हतं. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत टेबल पुसत होती.

बाटली

"चल लवकर, गिरणी बंद होईल." रमाकांत स्टुलावर बसला होता. "दळण राहिलं तर उद्या भातच."

"झालंच."

तिने त्या सशांच्या सीरमची शेवटची बाटली टेबलावर ठेवली. टेबल सपाट होतं. बाटलीतलं सीरम सपाट नव्हतं. रमाकांतच्या बाजूची काच चढून ते उभं होतं.

"अहो, जरा खिडकीशी बसता?"

तो कुरकुरत गेला.

सीरम सावकाश खिडकीकडे वळलं.

विजया मध्ये जाऊन उभी राहिली. पाठ त्याच्याकडे, तोंड बाटलीकडे.

"हा काय खेळ लावलायस?"



बाटलीत तिच्या समोरची तेवढी काच कोरडी झाली. सीरम दुभंगून, तिला दोन्ही बाजूंनी वळसा घालत वर चढत होतं.