सभागृहाच्या खुर्च्या

भर पावसात डोक्यावर उलटी खुर्ची धरून एक तरुण आमच्या वेतकामाच्या कारखान्यात शिरला. खुर्चीच्या बैठकीला भलं मोठं भोक होतं, त्यामुळे तो नखशिखान्त भिजला होता.

"छत्री नव्हती," तो म्हणाला.

"ही पण नाहीये," मी म्हटलं.

तो हसला... आणि मी उगाचच वेताची मोळी सरळ करायला लागले.

गल्लीच्या टोकाला कुलूपवाल्या काकांचं दुकान आहे, त्यांचा तो मुलगा. शिक्षण संपवून नुकताच घरी परतला होता. दिवा बदलायला खुर्चीवर चढला आणि पाय आरपार गेला. खुर्ची माझ्या आईनं विणलेली, म्हणून काकांनी त्याला तसाच आमच्याकडे पिटाळलं होतं. परवा या, असं मी दोनदा सांगितलं. पाऊस थांबला तरी तो माझ्या हातांकडे बघत बसून होता.

त्या दिवसांत आईची मनगटं आखडली होती. कारखाना बंद करून जागा भाड्यानं द्यावी, असं दादाचं म्हणणं. आई गप्प राहायची. मी नाही राहिले. बाजारातल्या जुन्या सभागृहाची दुरुस्ती चालली होती आणि तिथल्या वेताच्या खुर्च्या काढून प्लास्टिकच्या आणायचं घाटत होतं. दुकानदारांच्या बैठकीत मी उभी राहिले आणि उद्घाटनाआधी सगळ्या खुर्च्या नव्यानं विणून देते, असं सांगून बसले. घरी आल्यावर दादा म्हणाला, हे जमवलंस तर बंद करण्याचं नाव पुन्हा काढणार नाही.

एकटीला ते झेपणारं नव्हतं, हे लवकरच कळलं. मी कुणाला बोलले नाही. कुलूपवाल्या काकांचा मुलगा सगळ्या बाजारात बोलला. संध्याकाळी दुकानं मिटली की शिंपीकाका यायचे, चपलांच्या दुकानातल्या मावशी स्वतःची आरी घेऊन यायच्या. आई मधोमध बसून शिकवायची आणि चूक दिसली की शिंपीकाकांचीही गय करायची नाही. तो तर रोजच यायचा. त्याची वीण मात्र तिरकी जायची — मी ती सकाळी गुपचूप उसवायचे.

"माझी खुर्ची रोज कोण उसवतं?" त्यानं एकदा विचारलं.

"उंदीर असतील."

"उंदीर परत विणूनही ठेवतात?"

"आमच्याकडचे ठेवतात."

त्याच संध्याकाळी कधीतरी आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. आधी कोण, ते आठवत नाही.

शेवटच्या खुर्चीची कड उद्घाटनाच्या सकाळी बसली. दादा पहिल्या रांगेत बसला, विणीवरून हात फिरवत राहिला, आणि दिलेल्या शब्दाला जागला. पण कार्यक्रम संपल्यावर पायऱ्यांवर त्यानं — माझ्या कुलूपवाल्यानं — सांगितलं की दूरच्या शहरातल्या एका कुलुपांच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळतेय. माझ्याबरोबर येशील का, असंही विचारलं.

मी नाही म्हटलं.

मग दोन दिवस वेत सोलताना नुसती बोटं कापून घेतली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, बाजार गजबजलेला असताना, तडक त्याच्या दुकानात गेले. काका कानशीनं किल्ली घासत होते. त्यांच्यादेखत बोलायचं नव्हतं, पण आता थांबले तर धीर सुटेल, हे माहीत होतं.

"मी इथून हलणार नाही," मी म्हटलं. "कारखाना मीच चालवणार. पण तू मला हवा आहेस, हेही तितकंच खरं. गेलास तर वाट बघेन. राहायचं असेल तर स्वतःसाठी राहा... माझ्यावर उपकार म्हणून नको."

कानशीचा आवाज थांबला.

"मी काल सकाळीच नकार कळवला," तो म्हणाला. "दाराबाहेर अडकलेल्या माणसाचं कुलूप उघडलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मला बघायला आवडतं. त्या कारखान्यात तो दिसणार नाही."

"मग मला एवढं बोलू का दिलंस?"

"ऐकायला छान वाटत होतं. अजून असेल तर बोल ना."

मी काही म्हणायच्या आत काकांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि चपला पायात सरकवल्या.

"तुझ्या आईकडे जाऊन येतो," ते मला म्हणाले. "तुमचं चालू द्या."